बांगड्यांचा आवाज आधी जातो

राहाता,
४ डिसेंबर १९७२

श्री. कानिफनाथ यांस,

तुमचे २७ नोव्हेंबरचे पत्र पोचले. 'पाचटाचं घर' या गाण्याची आमच्या दुकानात घेतलेली पहिली फीत कंपनीला हवी आहे, आणि नव्या लाँगप्ले रेकॉर्डवर गाण्याच्या आधी अर्धा मिनिट तुमच्या आईच्या बांगड्या वाजवायच्या आहेत, असे तुम्ही कळवले आहे.

फीत माझ्याकडे आहे. कपाटात, पत्र्याच्या डब्यात, उभी ठेवली आहे. पण ती लगेच पाठवता येणार नाही. आमचा टेपरेकॉर्डर कमी वेगाचा आहे. तुमच्या स्टुडिओतले यंत्र दुप्पट वेगाने चालत असेल, तर आधी तिथे कमी वेगाची सोय आहे का ते विचारून घ्या. शिवाय फीत स्वस्तातली आहे. रेल्वेच्या पार्सलात तिला ऊन लागले तर ती वाकडी होईल. माझे तपासून झाले की कळवीन.

गेल्या वर्षी मुंबईत रेकॉर्ड झाली तेव्हा बांगड्या काढून तिथे खंजिरी घातली गेली. मग आता बांगड्या का लागाव्यात, हे मला समजले नाही. ते विचारण्याचे मला कारणही नाही.

कळावे.

पुष्पावती रंगनाथ
रंगनाथ लाऊडस्पीकर, राहाता

ता. क. गिटारच्या पिकअपची तार तुटली तर तिथे कुणाला हात लावू देऊ नका. इकडे पाठवा.


राहाता,
२१ डिसेंबर १९७२

कानिफ,

मी 'तुम्ही' लिहिले म्हणून तू पत्र फाडणार होतास, आणि ता. क. वाचून फाडले नाहीस, असे लिहितोस. ठीक आहे. 'तू' लिहिते. त्याने बाकी काही बदलत नाही.

कव्हरवर छापायला गाणे कसे झाले याची हकिगत हवी आहे म्हणतोस. एका मासिकात तुझी मुलाखत आली आहे, ती मी वाचली. तू म्हणतोस, की कारखान्याच्या तळावर, ऊसतोडीच्या झोपडीत, कोपीत, कंदिलाच्या उजेडात आईच्या मांडीवर डोके ठेवून तुला चाल सुचली. चाल कुठे सुचली ते मला माहीत नाही. पण गाणे झाले ते आमच्या मागच्या पडवीत, रविवारी, सकाळी साडेदहा ते पावणेबारा. तारीख २० डिसेंबर १९७०. काल दोन वर्षे झाली.

मी आठवते तसे लिहिते. नको ते तू काढून टाक.

त्या वर्षी जूनमध्ये मी पुण्याहून रेडिओचा डिप्लोमा करून परत आले होते. तू नगरच्या कॉलेजात होतास आणि सुट्टीला आईवडिलांकडे तळावर यायचास. दुकानात पहिल्यांदा आलास तेव्हा तुझ्या हातात ती गिटार होती, नगरच्या कॅम्पात कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावातली. तू दादांना म्हणालास, "ही कर्ण्यातून वाजली पाहिजे." दादा म्हणाले, "मला लग्नाचे आणि सभेचे कर्णे कळतात बाबा, हे पोरीला विचार." मी तुझ्याकडे न बघता गिटारकडे बघितले. तसे तू नंतर सगळ्यांना सांगायचास, आणि ते खरे आहे.

तारांचा आवाज उचलायला जुन्या हेडफोनमधले चुंबक काढून मी पिकअप केला. त्यावर सहा हजार दोनशे वेढे तार हाताने गुंडाळली. मधे दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून मोजले. अॅम्प्लिफायर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा होता. मुंबईचे वादक ज्या घरघरणाऱ्या सुरासाठी तुला विचारतात, की कुठले परदेशी यंत्र वापरलेस, ते यंत्र म्हणजे गणपतीत टेबलावरून पडून पडदा फाटलेला आमचा स्पीकर. मी तो बदलणार होते. तू हात धरलास आणि म्हणालास, "फाटकाच राहू दे. माणूस रडून झाल्यावर बोलतो ना, तसा बोलतोय तो." मी म्हणाले, पडदा फाटला की असाच आवाज येतो. हेही कव्हरवर नको.

ठेका जमत नव्हता. तू प्रत्येक वेळी घाई करत होतास. तुझी आई तुझ्यासोबत आली होती आणि दुकानात अवघडून बसली होती. तू तिला म्हणालास, की तूच दोन ओळी म्हण, ठेका तरी कळेल. बायडाबाई म्हणाल्या, "रिकामं बसून मला गानं येत न्हाई. हाताला काम द्या." माझी आई गेल्यापासून घरात भाकरी मीच करत असे. त्यांनी सरळ मागे जाऊन टोपले उघडले आणि सकाळची भाकरी उजेडात धरली.

"पोरी, ही भाकर हाय का पापड?"

"वजन करून पीठ घेतलं होतं," मी म्हणाले.

"वजन करून!" त्या हसून हसून खाली बसल्या. "आगं, भाकर हाताला इचारायची अस्ती, तराजूला न्हाई."

त्यांनी बाजरीचे पीठ मळायला घेतले. मी दुकानातून पडवीपर्यंत तीस फूट वायर ओढली आणि माईक चुलीपासून चार हातांवर ठेवला. त्यांना माईक म्हणजे काय ते सांगितले नाही. त्या थापायला लागल्या. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, सहा सहा. प्रत्येक थापेला त्या वाजत. मी घड्याळ लावले. मिनिटाला सहासष्ट. पहिल्या भाकरीला सहासष्ट, चौथ्यालाही सहासष्ट. तू दारात उभा राहून त्यावर गिटार वाजवायला लागलास आणि घाई थांबली.

पाचटाचं घर आई, किती दिस टिकायचं?
फड तुटून गेला की आपण कुठं निघायचं?

दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी मान वर न करता तुझ्याच चालीवर गुणगुणायला सुरुवात केली. शब्द नव्हते. ते सगळे एकाच वेळेस फितीवर आले. चार मिनिटे अकरा सेकंद. नंतर बाकीच्या भाकरी आपण पाचजणांनी खाल्ल्या, तुझे वडील गोरक्षनाथकाका बैलगाडी घेऊन तुम्हाला न्यायला आले होते म्हणून पाच. काका म्हणाले, "बायडे, तुझ्या भाकरीला आता पेटी-तबला लागतो व्हय?"

मुंबईच्या रेकॉर्डवर ठेका बहात्तर आहे. मी मोजला.

एका गोष्टीबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. शहरातल्यांना पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला हे कळणार नाही, म्हणून कंपनी 'गवताचं घर' करायला सांगत होती आणि तू ऐकले नाहीस, असे मुलाखतीत आहे. तेवढे खरे असेल असे मी धरते.

फीत अजून तपासते आहे.

पुष्पावती


राहाता,
१८ जानेवारी १९७३

कानिफ,

तुझी दोन पत्रे आणि एक तार पोचली. तारेत 'स्पूल पाठव' एवढेच होते. पोस्टमनने सगळ्या पेठेला विचारले की स्पूल म्हणजे काय.

उशीर का होतो आहे हे तू विचारतोस. मला वाटते, आधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. कुणी तरी ती तुला आधीच सांगितली असेल असे मी धरून चालले होते. तुझ्या पत्रांवरून तसे दिसत नाही.

तुझी आई यंदाही तोडीला आली आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून. तिकडे पूर्वेला प्यायला पाणी नाही, त्यामुळे या वेळी म्हातारीकोतारीसुद्धा आली आहेत. काका गेल्यावर कोयत्याला जोडीदार नाही म्हणून मुकादमाने आधी त्यांना नको म्हटले, मग चुलत दिराच्या टोळीत मोळ्या बांधायला घेतले. तू पाठवतोस ते त्यांना पोचते. त्या म्हणतात, घरी बसून करू काय.

पहिल्या बाजारालाच त्या दुकानात आल्या. पदराखाली दोन्ही हात झाकून उभ्या राहिल्या. मला वाटले काही आणले आहे. दादा आत गेले तेव्हा त्या म्हणाल्या,

"पुष्पा, ती फीत हाय का गं अजून?"

"आहे."

"त्येच्यात माझ्या बांगड्या हायेत म्हनं."

मी लावली. त्यांनी स्टूल नको म्हटले, जमिनीवर टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ बसल्या. तुझा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी मला खूण केली, की थोडा बारीक कर. मी म्हणाले, तो बारीक केला तर सगळेच बारीक होईल. त्या म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे बाई. गातोय तर गाऊ दे त्याला." संपल्यावर पदरातून हात काढून त्यांनी मनगटे बघितली. उघडी.

तू गेल्या जानेवारीत वडिलांच्या दहाव्याला येऊन गेलास. बांगड्या फोडल्या तेव्हा तू तिथे होतास की नाही ते मला माहीत नाही. राहात्यावरूनच तुझी एस. टी. गेली, एवढे माहीत आहे. स्टँडपासून दुकान एकशे ऐंशी पावलांवर आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

त्या पहिल्या बाजारापासून बायडाबाई दर बाजाराला येतात. भाजी घेण्याच्या आधी येतात. त्यांना रेकॉर्ड लावू का विचारले, तर नको म्हणाल्या. "त्येच्यात दुसऱ्याचंच कायतरी वाजतंय." तुझी रेकॉर्ड त्यांनी तशी पुष्कळ ऐकली आहे. ती ऐकल्याशिवाय इथे कुणाला राहता येत नाही. ट्रकवाले ती चाल शिळेवर वाजवतात. गणपतीत एका मंडळाने दिवसातून नऊ वेळा लावायला लावली. गेल्या आठवड्यात छगन बँडवाला आला. त्याला वरातीत वाजवायला चाल नीट बसवून हवी होती.

मी म्हणाले, "छगनमामा, ते रडायचं गाणं आहे. वरातीत कसलं वाजवता?"

"ताई, बँडला शब्द कुठं असत्यात? त्या गान्यावर वरात लई जोरात नाचती."

"नवरीकडचे काही म्हणत नाहीत?"

"ती रडत्यात आन् नवऱ्याकडची नाचत्यात. आपलं दोन्हीकडनं जमतंय."

बायडाबाई तेव्हा आत बसल्या होत्या. त्यांना इतके हसू आले, की पदर तोंडात धरावा लागला. म्हणाल्या, "वाजीव बाबा, माझ्या भाकरीवर नाचा तुमी."

तर उशिराचे कारण हे आहे. फीत पाठवली तर त्या कशासाठी येतील? तोडीचा हंगाम यंदा लवकर संपणार, ऊसच नाही. तोपर्यंत थांब.

फीत थोडी मंद वाजते. तेही बघते आहे.

तू स्वतः यंत्र आणि माणूस घेऊन १५ फेब्रुवारीला येतो म्हणतोस. येऊ नकोस. मी त्याआधी कळवते.

पुष्पावती


राहाता,
९ फेब्रुवारी १९७३

कानिफ,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन नीट लिहिली होती. त्यांत यंत्राचे सगळे होते आणि खरे काही नव्हते.

काल बाजार होता. तुझी आई आली. मी फीत लावली. त्यांनी नेहमीसारखे कान जवळ नेले. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितले.

"पुष्पा, बांगड्या कुठं गेल्या गं?"

मी म्हणाले, "मशीन बिघडलंय."

"न्हाई. ह्यो तर वाजतोय." म्हणजे तू. "भाकर बी वाजती. बांगड्याच न्हाईत."

 मग म्हणाल्या, "पैल्यांदा आले तवा हुत्या. मागं लांबनं वाजत हुत्या. मला वाटलं माझेच कान गेले." उठताना त्यांनी टेपरेकॉर्डरच्या झाकणावरून हात फिरवला, आजारी गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा. "तिथंबी फुटल्या म्हनायच्या," म्हणाल्या, आणि भाजी न घेता गेल्या.

मशीन बिघडलेले होते हे खोटे नाही. पण ते मी बिघडवले.

गेल्या वर्षी २० फेब्रुवारीला तुझी रेकॉर्ड मी पहिल्यांदा रेडिओवर ऐकली. दुपारी सव्वाबाराला. ऐकून झाल्यावर आपली फीत लावली. तुलना करायला, असे मी स्वतःला सांगितले. फितीवरचा आवाज मला हलताना, पाण्याखालून आल्यासारखा वाटला. मी दोष शोधायला घेतला. मोटर बघितली, पट्टा बघितला, दोन्ही ठीक. मग हेडची गुंडाळी तुटत आली असेल म्हणून मीटर लावून तपासली. गुंडाळीही ठीक होती.

हेड म्हणजे ज्याच्यावरून फीत सरकते आणि आवाज उचलला जातो तो भाग. त्याला मीटर लावायचा नसतो. मीटरमधल्या बॅटरीचा प्रवाह गुंडाळीतून जातो आणि हेड चुंबक होऊन बसते. मग त्याच्यावरून फीत जेवढ्या वेळा जाईल तेवढ्या वेळा तिच्यावरचे थोडे थोडे पुसले जाते. सगळ्यात आधी बारीक, उंच आवाज जातात. बांगड्या. नंतर तारेची धार, नंतर स, श, च. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. चुकून मीटर लावलाच, तर हेडचे चुंबकत्व उतरवायला अर्धा तास लागतो. त्यासाठीची कॉइल माझ्याच टेबलाच्या खणात आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी हे शिकवतात. परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

त्या दिवशी ते मला आठवले नाही. त्या दिवशी यंत्रात दोषच नव्हता, कानिफ. आवाज हलत नव्हता. मी रडत होते, आणि ते मला कळायला एक वर्ष लागले.

हेडजवळ काल होकायंत्र धरले. सुई पूर्ण वळली. त्यात फीतही गळकी, तिची लाल पूड हेडवर साचली होती. काल पुसले, चुंबकत्व उतरवले. आता यंत्र उत्तम आहे. फितीवरचे गेले ते परत येत नाही. त्याला उपाय नाही, कुठल्याही देशात नाही.

तुला वाटेल की आईच्या ऐकण्याने झिजली. मी पहिल्या दोन पत्रांत तसेच लिहिले होते. आमच्याकडे प्रत्येक यंत्राची वही असते, किती वेळ चालले ते लिहायची. तुझ्या आईसाठी फीत बारा वेळा लागली. वहीत एकूण नोंदी चारशे सहा आहेत.

उरलेल्या माझ्या.

बांगड्या जाताना मला ऐकू कशा आल्या नाहीत, हे तू विचारशील. मी गाणे ऐकत नव्हते. गाणे संपल्यावर फीत बंद करायला मला तीन सेकंद उशीर झाला होता. त्या तीन सेकंदांत तू विचारतोस, "आलं का?" आणि मी म्हणते, "आलं." तुला ते माहीतही नसेल. मी तेवढे ऐकायची. फीत पुढे पळवायचा खटका मोडलेला होता, म्हणून तिथे पोचायला चार मिनिटे अकरा सेकंद थांबावे लागे. खटका दुरुस्त करणे दहा मिनिटांचे काम होते. वर्षभर केले नाही.

४ डिसेंबरला मी लिहिले की फीत माझ्याकडे आहे. ती सुस्थितीत आहे असे मी लिहिले नव्हते, हे तू बघितले असशील. आदल्याच बाजारी तुझी आई म्हणाली होती, की आज लांबून वाजतात. तेव्हाच तपासायला हवे होते. त्यानंतरही मी एकोणसाठ वेळा लावली.

आणखी एक. १२ जून १९७१ ला मुंबईला निघताना स्टँडवर तू एस. टी.च्या पायरीवर उभा राहून विचारलेस, "येतेस?" मी म्हणाले, "सोमवारी सभेची ऑर्डर आहे." ती सभा त्याच दिवशी सकाळी रद्द झाली होती. निरोप घेऊन माणूस दुकानात आला तेव्हा मी पायात चप्पल घालत होते. तुझ्याकडे यायला निघतानाच मला ते माहीत होते.

मी का तसे बोलले याचे उत्तर मला मोजून देता येत नाही, म्हणून देत नाही.

आता १५ तारखेला यायचे की नाही ते तू ठरव.

पुष्पा


राहाता,
४ मार्च १९७३

कानिफ,

१५ तारखेला तू आला नाहीस. तेवीस दिवस तुझे पत्र नाही. काल कंपनीचे आले, टाइप केलेले. मूळ फीत उपलब्ध नसल्याचे कलाकाराकडून कळल्यामुळे सुरुवातीचा भाग स्टुडिओत दुसऱ्या बाईंच्या बांगड्यांवर घेतला आहे, तरी आता फीत पाठवण्याची तसदी घेऊ नये. सहकार्याबद्दल आभार.

'उपलब्ध नाही' हा शब्द तुझा असेल तर योग्य शब्द निवडलास. खराब केली, असे तू त्यांना सांगितले नाहीस.

मी पत्र तुझ्या आईला वाचून दाखवले नाही. पण लाँगप्ले येईल तेव्हा इथे सगळीकडे वाजेल, आणि त्या पहिल्या थापेलाच ओळखतील. म्हणून सांगितले. त्यांनी विचारले, "कुनाच्या हायेत?" मी म्हणाले, माहीत नाही, कुणी तरी बाई आहेत.  "नवरा आसंल तिचा. वाजू दे," म्हणाल्या.

त्यांची टोळी परवा निघते. इथला ऊस संपला. गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला नाव घातले आहे. काल त्या निरोप घ्यायला आल्या. फीत लाव म्हणाल्या नाहीत. मागे जाऊन टोपले उघडून माझी भाकरी बघितली.

"सुधारली," म्हणाल्या. "आता पापड न्हाई. पुरी हाय."

मग पीठ मळायला बसल्या. मी त्यांना आधी विचारले. या वेळी माईक दाखवला, हे काय आहे, इथून काय होते, सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "आता काय ऱ्हायलंय त्येच्यात घ्यायला?" मी म्हणाले, हात आहेत. त्यांनी नको म्हटले नाही.

नवी फीत घेतली, चांगल्या प्रतीची. हेड आधी दोनदा तपासले. पाच भाकरी झाल्या. बांगड्या नाहीत. नुसते तळवे आणि परात. पहिल्या भाकरीला मी घड्याळ लावले नव्हते, मला भीती वाटत होती. दुसरीला लावले. सहासष्ट.

चौथ्या भाकरीला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याला म्हनावं, गानं चांगलं हाय. पर आपन कुठं निघायचं, आसं इचारतोय त्यो त्यात. आन् निघून तर एकटाच गेलाय." मग पुन्हा थापायला लागल्या. हेही फितीवर आहे. मी कापले नाही.

दोन्ही फितींचे स्पूल या पत्रासोबत पाठवते आहे. रेल्वेने नाही. कारखान्याचे आबासाहेब मुंबईला जात आहेत, ते पिशवीत, सावलीत आणतील. नवी कंपनीला देऊ नकोस. ती तुझी आहे. तोडीच्या कोपीत किंवा कंदिलाच्या उजेडात घेतली असे कुठे सांगू नकोस.

जुनीही तुलाच देते. ती माझ्याकडे राहिली तर मी लावीन. चांगल्या यंत्रावर लाव. बांगड्या शोधू नकोस, नाहीत. तारेची धार नाही, तुझ्या शब्दांतले स आणि च पुसट आहेत. आईचे गुणगुणणे आहे, बरेचसे. गाणे संपले की लगेच बंद करू नकोस, तीन सेकंद थांब. "आलं का?" आणि "आलं", या शब्दांत बारीक आवाज एकही नाही. ते जसेच्या तसे राहिले आहेत.

टोळीचा ट्रक परवा सकाळी सात वाजता तळावरून सुटतो. तुला हे पत्र मिळेल तेव्हा तो गेलेला असेल. गाव तुला माहीत आहे.

टेपरेकॉर्डरचा खटका मी दुरुस्त केला. आता त्यावर लावायला काही नाही.

पुष्पा